बाजारपेठेतील विजेचे खांब, तारा आणि पेठेचे पुनरुज्जीवन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातील अनेक नगरपरिषदा आणि महानगरपालिका सध्या जुन्या बाजारपेठांच्या सुशोभीकरणाची कामे हाती घेत आहेत. नवी फरशी, पदपथ, शोभेचे दिवे, बसायला बाक अशा गोष्टींवर या कामांत बराच खर्च होतो. मात्र विजेचे खांब, लोंबणाऱ्या तारा आणि रोहित्रे (ट्रान्सफॉर्मर) यांचा विचार बहुतेक ठिकाणी अगदी शेवटी, फरशी बसवून झाल्यावर केला जातो. व्यापारी, रहिवासी आणि नगरसेवक यांच्याकडून या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ती प्रामुख्याने महावितरणच्या क्षेत्रातील शहरांना लागू पडतात. मुंबईत बेस्ट, अदानी आणि टाटा पॉवर यांची क्षेत्रे वेगळी आहेत आणि तेथील वितरण मुख्यतः भूमिगत वाहिन्यांवर चालते.

बाजारपेठेच्या सुधारणेत खांबांना एवढे महत्त्व का द्यायचे?

पेठेत गिऱ्हाईक पायी फिरते. वाहनातून जाणारा माणूस दुकानाची पाटी वाचतो आणि पुढे निघून जातो; पायी चालणारा थांबतो, भाव विचारतो आणि खरेदी करतो. पुणे महानगरपालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा करते. वाहने नसताना त्या रस्त्यावर जी वर्दळ दिसते, ती पाहिल्यावर हा मुद्दा वेगळा पटवून देण्याची गरज उरत नाही. म्हणून पेठेचे पुनरुज्जीवन करणे म्हणजे मुळात चालणाऱ्याला सलग आणि सुरक्षित जागा मिळवून देणे होय, आणि त्या जागेच्या आड येणाऱ्या कायमस्वरूपी वस्तूंमध्ये खांब, खांबाचा ताण (खांबाला आधार देणारी तिरपी तार) आणि रोहित्राचा कठडा या तिन्हींचा क्रमांक बराच वरचा आहे. फेरीवाल्याची हातगाडी संध्याकाळी हलते, दुचाकी उचलून नेता येते. खांब मात्र एकदा चुकीच्या जागी रोवला गेला की तीस-चाळीस वर्षे तेथेच राहतो.

रस्त्यावरचा खांब नेमका कोणाचा असतो?

बहुतेक वाद या एका प्रश्नावर अडतात. रस्ता सामान्यतः नगरपरिषदेचा किंवा महानगरपालिकेचा असतो. शहरातून जाणारा राज्य महामार्ग असेल तर तो सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आणि राष्ट्रीय महामार्ग असेल तर केंद्राच्या यंत्रणेकडे असू शकतो. वीज वाहून नेणारा खांब महावितरणचा असतो. त्याच खांबावरचा पथदिवा मात्र पालिकेचा असतो आणि त्याचे वीजबिल पालिका भरते. ज्यावर फक्त दिवा आहे असा स्वतंत्र खांब सहसा पालिकेचाच असतो.

एखाद्या जुन्या पेठेतला खांब जवळून पाहिला तर हा गुंता लगेच ध्यानात येतो. सर्वांत वर लघुदाबाच्या, म्हणजे घरा-दुकानांना वीज देणाऱ्या, उघड्या तारा किंवा त्यांच्या जागी आलेली एबी केबल, म्हणजे आवरण असलेल्या तारांचा काळा पीळ असतो. त्याखाली पालिकेच्या दिव्याचा बाहू असतो. त्याखाली दहा-पंधरा दुकानांच्या सर्व्हिस वायर एका जुडग्यात बांधलेल्या असतात. त्याखाली केबल टीव्ही आणि इंटरनेटच्या वायरींची भेंडोळी लोंबत असतात, आणि त्यांतल्या निम्म्याअधिक वायरी कधीच बंद पडलेल्या असतात. माणसाच्या उंचीवर झाकण नसलेली पेटी आणि एखाद्या शिकवणी वर्गाचा फलक असतो. बुडाशी काँक्रीटचा चौथरा आणि तिरपा उतरलेला ताण असतो. एकाच खांबावर चार-पाच मालकांच्या वस्तू असतात, त्यामुळे ‘खांब हलवा’ असा एका ओळीचा अर्ज कोणत्याच कार्यालयात पुढे सरकत नाही. अर्जात खांबाचा क्रमांक, तो कोणत्या रोहित्रावर आहे ते, आणि त्यावरील प्रत्येक वस्तू कोणाची आहे हे लिहावे आणि छायाचित्र जोडावे. पहिल्या पाहणीतच निम्मे काम होते.

महावितरणला रस्त्यात खांब उभा करण्याचा अधिकार कोठून मिळतो? पालिकेला विचारावे लागत नाही का?

विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ६७ नुसार परवानाधारक वितरण कंपनीला रस्ता उकरून वाहिनी टाकण्याचा अधिकार आहे. पण त्याच कलमात हे काम करताना नुकसान, हानी आणि गैरसोय शक्य तितकी कमी व्हावी आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यावी, असेही बंधन आहे. उपरी, म्हणजे खांबांवरून जाणाऱ्या, वाहिन्यांसाठी कलम ६८ आहे, आणि त्यानुसार ठरावीक अपवाद वगळता शासनाची पूर्वमान्यता लागते.

दुसरीकडे, रस्त्यांची निगा, दिवाबत्ती आणि रस्त्यातील अडथळे दूर करणे ही कामे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम आणि नगरपरिषदांसाठीचा १९६५ चा अधिनियम यांनी स्थानिक संस्थांवर सोपवलेली आहेत. म्हणजे वीज कंपनीला अधिकार आहे आणि पालिकेवर कर्तव्य आहे. दोघांपैकी एकाने दुसऱ्यावर कुरघोडी करावी अशी कायद्याची रचना नाही. व्यवहारात पालिकेने रस्ता खोदण्याची परवानगी देताना खांबाची जागा, चौथऱ्याचा आकार, ताण कोठे येणार आणि रस्ता पूर्ववत कोणी करायचा या अटी लिहून दिल्या, तर पुढचे बहुतेक तंटे टळतात. अनेक पालिका खोदाईचे शुल्क वसूल करून परवानगीच्या कागदावर एवढेच लिहितात की काम लवकर पूर्ण करावे. ही संधी वाया घालवणे योग्य नाही.

खांब माझ्या खाजगी जागेत आहे किंवा ताण माझ्या भिंतीला बांधला आहे. मी काय करू शकतो?

परवानाधारकांच्या कामांसाठीचे २००६ चे केंद्रीय नियम येथे लागू होतात. खाजगी इमारतीवर किंवा जमिनीवर वाहिनी, खांब किंवा ताण बसवण्यापूर्वी मालकाची अथवा भोगवटादाराची संमती घ्यावी लागते. त्याने हरकत घेतली तर कंपनीला जिल्हादंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणावी लागते, आणि तोच अधिकारी मोबदलाही ठरवतो. आधीपासून उभे असलेल्या खांबाबाबत मालकाने पुरेसे कारण दाखवले, तर तो काढण्याचा किंवा बदलण्याचा आदेश देण्याचा अधिकारही याच अधिकाऱ्याला आहे. ही शेवटची तरतूद फारशा लोकांना ठाऊक नसते. जुना वाडा पाडून नवी इमारत बांधणाऱ्यांनी ती अवश्य वाचावी.

तारा इमारतीपासून आणि रस्त्यापासून किती अंतरावर असाव्यात?

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनी ही अंतरे ठरवून दिली आहेत. रस्ता ओलांडणारी लघुदाबाची तार जमिनीपासून किमान ५.८ मीटर आणि ११ किंवा ३३ केव्हीची (किलोव्होल्ट), म्हणजे उच्चदाबाची, तार किमान ६.१ मीटर उंच असावी लागते. रस्त्याच्या कडेने समांतर जाणाऱ्या तारांसाठी हीच अंतरे अनुक्रमे ५.५ आणि ५.८ मीटर आहेत. इमारतीपासून लघुदाबाची तार आडवी १.२ मीटर आणि उभी २.५ मीटर दूर असावी. उच्चदाबासाठी उभे अंतर ३.७ मीटर आहे. आडवे अंतर ११ केव्हीपर्यंत १.२ मीटर आणि त्यापुढे ३३ केव्हीपर्यंत २ मीटर आहे. राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीतही हीच अंतरे पाळण्याची अट आहे, त्यामुळे बांधकाम परवानगीच्या नकाशावर जवळची वाहिनी दाखवणे आवश्यक असते.

पेठेत या अंतरांचा भंग दोन्ही बाजूंनी होतो. कधी तार सैल पडून खाली येते, तर कधी दुकानदार पहिल्या मजल्यावर सज्जा किंवा पत्र्याची शेड पुढे काढून स्वतःच तारेपर्यंत पोहोचतो. दुसऱ्या प्रकारात तार हलवण्याचा खर्च कंपनीवर टाकता येत नाही, आणि मला वाटते, तो टाकूही नये.

गणेशोत्सवापूर्वी हा विषय विशेष जिव्हाळ्याचा होतो. ट्रॉलीची उंची, त्यावरचा देखावा आणि त्यावर मूर्ती यांची बेरीज पाच मीटरच्या पुढे गेली, तर मिरवणुकीच्या मार्गावरील प्रत्येक ओलांडणारी तार मोजून घेणे गरजेचे होते. कार्यकर्त्यांनी बांबूने तार उचलून धरण्याची पद्धत जीवघेणी आहे. ओल्या बांबूतून वीज वाहते. मंडळांनी मार्ग आणि उंची आठवडाभर आधी महावितरणच्या उपविभागीय कार्यालयाला लेखी कळवावी आणि त्या वेळेपुरता पुरवठा बंद ठेवून घ्यावा.

पदपथावर खांब नेमका कोठे असावा?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शिकेत, म्हणजे आयआरसी १०३ मध्ये, पदपथाचे तीन पट्टे मानले आहेत. दुकानालगतचा पट्टा थांबून पाहणाऱ्यांसाठी, मधला पट्टा फक्त चालण्यासाठी आणि रस्त्यालगतचा पट्टा खांब, झाडे, पेट्या, बाक यांच्यासाठी असतो. चालण्याच्या पट्ट्याची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि मोकळी उंची २.२ मीटर असावी, असे ही मार्गदर्शिका सांगते. व्यापारी भागात याहून अधिक रुंदी अपेक्षित आहे.

हे आकडे एका साध्या उदाहरणात मांडून पाहू. पदपथ २.४ मीटर रुंद आहे आणि खांबाचा चौथरा ४५ सेंटीमीटरचा आहे. खांब मधोमध असेल तर दोन्ही बाजूंना एक मीटरही जागा राहत नाही. चाकाची खुर्ची कशीबशी जाते, पण समोरून कोणी आले तर एकाला रस्त्यावर उतरावे लागते. तोच खांब रस्त्याच्या कडेला सरकवला तर एका बाजूला जवळजवळ १.९५ मीटर सलग जागा मिळते. पदपथ एक इंचही रुंद न करता, केवळ खांब सुमारे एक मीटर बाजूला घेतल्याने हा फरक पडतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सार्वजनिक जागा सुगम असणे बंधनकारक आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पादचाऱ्यांचा पदपथावरील हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ शी जोडला आहे. त्यामुळे ‘जागाच नव्हती, म्हणून मध्ये खांब घेतला’ हे उत्तर आता पुरेसे ठरत नाही.

दृष्टिहीनांसाठी बसवलेल्या पिवळ्या, उंचवटे असलेल्या फरशीची ओळ थेट खांबावर जाऊन आदळते, असे दृश्य कित्येक शहरांत दिसते. ठेकेदाराने नकाशाप्रमाणे फरशी बसवलेली असते आणि नकाशावर खांब दाखवलेलाच नसतो. ज्या माणसासाठी ही ओळ आखली, त्यालाच ती इजा करते. हे मला फार क्लेशदायक वाटते.

रस्ता रुंद झाला आणि खांब रस्त्याच्या मध्ये राहिले. याला जबाबदार कोण?

विकास आराखड्यातील रस्ता रुंदीकरण महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली होते. महानगरपालिकेला रस्त्याची नियमित रेषा ठरवण्याचा अधिकार १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० मध्येही आहे. रुंदीकरण झाले की पूर्वी कडेला असलेला खांब आपोआप वाहतुकीच्या पट्ट्यात येतो. येथे चूक बहुतेक वेळा रस्त्याच्या अंदाजपत्रकात असते. त्यात डांबर, खडी, गटार सगळे असते, पण वाहिन्या स्थलांतरित करण्याचा खर्च धरलेला नसतो, किंवा तो धरलेला असूनही महावितरणकडे वेळेवर भरला जात नाही. रात्री दुचाकीस्वार अशा खांबावर आदळला तर रस्त्याची यंत्रणा आणि वीज कंपनी एकमेकांकडे बोट दाखवतात.

उपाय कामाच्या क्रमात आहे. प्रथम पालिका, महावितरण, दूरसंचार कंपन्या आणि पाणीपुरवठा विभाग यांची संयुक्त पाहणी व्हावी, त्यानंतर स्थलांतराचे अंदाजपत्रक तयार होऊन रक्कम भरली जावी, मग खांब हलावेत आणि सर्वांत शेवटी रस्त्याचा वरचा थर पडावा. प्रशासकीय मान्यतेचा ठराव सभागृहात येतो तेव्हाच नगरसेवकांनी ‘स्थलांतराचे अंदाजपत्रक जोडले आहे का’ हा प्रश्न विचारावा. नंतर विचारला तर उत्तर मिळते, काम मात्र होत नाही.

खांब हलवण्याचा खर्च कोणी करायचा?

ज्याच्या मागणीवरून खांब हलतो, त्याने खर्च द्यायचा, हे सर्वसाधारण सूत्र आहे. रस्त्यासाठी हलवायचा असेल तर पालिका किंवा बांधकाम विभाग रक्कम भरतो. एखाद्या दुकानदाराला आपल्या दारासमोरून हटवायचा असेल तर तो स्वतः भरतो. महावितरणच्या पद्धतीत अर्जदाराला मंजूर अंदाजपत्रकानुसार परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून काम करून घेता येते आणि कंपनीला १.३ टक्के देखरेख शुल्क द्यावे लागते. कार्यालयात तिला ‘एक पूर्णांक तीन टक्क्यांची योजना’ म्हणूनच ओळखतात. खांब मोडकळीला आला असेल, गंजला असेल, वाकला असेल किंवा तार ठरलेल्या उंचीच्या खाली आली असेल, तर ती दुरुस्तीची बाब आहे आणि तिचा खर्च ग्राहकाकडून मागता येत नाही. अर्जात या दोन गोष्टींची सरमिसळ करू नये.

पालिकांना यासाठी जिल्हा नियोजन समितीचा निधी किंवा नगरोत्थान महाअभियानातील निधी मागता येतो. पेठेतील दुकानदार एकत्र आले तर स्वतंत्र दहा अर्जांऐवजी संपूर्ण गल्लीचे एकच अंदाजपत्रक होते, आणि ते स्वस्तही पडते.

मग सगळ्याच तारा भूमिगत का करत नाहीत?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

भूमिगत वाहिनीचे फायदे खरे आहेत. काशीतील जुन्या वस्तीच्या अत्यंत अरुंद गल्ल्यांत एकात्मिक ऊर्जा विकास योजनेतून वाहिन्या जमिनीखाली गेल्या. दिल्लीतील चांदणी चौकात लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतच्या सुमारे १.३ किलोमीटर रस्त्यावरील तारा पुनर्विकासात खाली घेतल्या गेल्या आणि तो रस्ता सप्टेंबर २०२१ मध्ये लोकांसाठी खुला झाला. आपल्याकडे अलिबागमध्ये चक्रीवादळाचा धोका कमी करण्याच्या राष्ट्रीय प्रकल्पातून भूमिगत वाहिन्यांचे काम हाती घेतले गेले. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरीत विजेचे हजारो खांब आडवे केले, काही गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. ते ज्यांनी अनुभवले त्यांना किनाऱ्यावरील भूमिगत वाहिनीची गरज वेगळी सांगावी लागत नाही.

तरीही प्रत्येक पेठेत ते लगेच करावे असे मी म्हणणार नाही. एक तर खर्च काही पटीने वाढतो. दुसरे, बिघाड शोधणे अवघड होते. वर तार तुटली तर वायरमनला ती दिसते. जमिनीखालच्या केबलमधील दोष शोधायला उपकरण असलेले वाहन यावे लागते, मग रस्ता उकरावा लागतो. तिसरे, पाण्याची नवी जोडणी किंवा गटाराचे काम निघाले की जेसीबीचा दात केबलला लागतो. केबल किती खोल असावी हे आयएस १२५५ या भारतीय मानकात दिले आहे, लघुदाबासाठी साधारण ७५ सेंटीमीटर आणि ११ केव्हीसाठी ९० सेंटीमीटर. पण ती कोणत्या बाजूने गेली आहे याचा नकाशा पालिकेत नसेल तर या खोलीचा उपयोग होत नाही. खोदणाऱ्या यंत्रणेने आधी कळवावे म्हणून केंद्राने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणले आहे, आणि पालिकेने प्रत्येक खोदाई परवानगीत त्याचा वापर बंधनकारक करावा.

चौथी अडचण आपल्याकडे विशेष जाणवते. तारा खाली गेल्या तरी फिडर पिलर म्हणजे जोडणीच्या लोखंडी पेट्या वरच राहतात. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. कोल्हापूर आणि सांगलीने २०१९ मध्ये तसाच महापूर पाहिला. अशा शहरांत पेट्या पूररेषेच्या वर, उंच ओट्यावर बसवाव्या लागतात, आणि तो ओटा पुन्हा पदपथाची जागा खातो. त्याचा विचार आराखड्यातच व्हायला हवा.

म्हणून मध्यम आकाराच्या शहरासाठी माझी शिफारस अशी आहे. मुख्य पेठेचा जो टप्पा पूर्ण उकरून नव्याने बांधला जाणार आहे, तेवढ्यात वाहिन्या भूमिगत कराव्यात आणि बाकी गल्ल्यांत उघड्या तारांऐवजी एबी केबल घ्यावी. ज्या रस्त्यावर आज भूमिगत वाहिनीसाठी पैसे नाहीत, तेथेही नवी फरशी बसवताना तिच्याखाली रिकामे पाइप आणि ठरावीक अंतरावर चेंबर ठेवून द्यावेत. हा खर्च फार नसतो, आणि पाच वर्षांनी निधी आला तर चांगली फरशी फोडावी लागत नाही.

डीपी दुकानासमोरून कोठे हलवायची?

रोहित्र ज्या दोन खांबांवर असते त्या रचनेला लोक डीपी म्हणतात. तिला जागा लागते, कुंपण लागते, देखभालीसाठी वाहन यायला वाट लागते, आणि ती वीज वापरणाऱ्यांच्या जवळच असावी लागते, कारण लघुदाबाची वाहिनी लांबली की शेवटच्या दुकानात दाब कमी मिळतो. त्यामुळे ती गावाबाहेर नेता येत नाही. प्रत्येकाला वीज हवी असते आणि डीपी मात्र शेजाऱ्याच्या दारात हवी असते. या आग्रहापायी कित्येक आराखडे अडून पडले आहेत. भाजी मंडईचा कोपरा, पालिकेच्या वाहनतळाची मागची बाजू किंवा शाळा नसलेल्या पालिका इमारतीचे आवार अशी जागा पालिकेने स्वतःहून देऊ करावी. जुन्या वाड्याच्या जागी मोठे व्यापारी संकुल उभे राहत असेल तर त्याच्या आवारातच रोहित्रासाठी जागा ठेवून घ्यावी. परवानगी देऊन झाल्यावर ती मागणे कठीण जाते.

केबल टीव्ही आणि इंटरनेटच्या वायरींचे काय?

दूरसंचार अधिनियम, २०२३ खालील मार्गहक्काचे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. दूरसंचार कंपन्यांना सार्वजनिक जागेत खांब उभारण्यासाठी किंवा तारा टाकण्यासाठी पालिकेकडे ऑनलाइन अर्ज करावा लागतो, आणि पालिकेने ठरलेल्या मुदतीत निर्णय दिला नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते. म्हणून अर्ज पडून राहू देणे हे पालिकेचे स्वतःचेच नुकसान आहे. मुदतीत आणि अटींसह उत्तर दिले तर वायर कोठून जाईल, किती उंचीवर असेल आणि वापर बंद झाल्यावर ती कोणी काढायची हे ठरवण्याची संधी हातात राहते.

महावितरणच्या खांबावर विनापरवाना बांधलेल्या वायरी कंपनी काढू शकते आणि वेळोवेळी काढतेही. मात्र दुसऱ्याच दिवशी त्या पुन्हा बांधल्या जातात. त्याऐवजी पेठेतील सर्व केबल व्यावसायिकांना एकत्र बोलावून बंद वायरी ठरलेल्या तारखेपर्यंत स्वतः उतरवायला सांगणे आणि चालू वायरींना मालकाच्या नावाची चिठ्ठी लावायला सांगणे, हा उपाय अधिक टिकतो.

तारांना झाड अडत असेल तर ते तोडता येते का?

शहरी भागात १९७५ च्या वृक्ष जतन कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. पावसाळ्यापूर्वी फांद्यांची छाटणी आवश्यक असते, पण एका बाजूने अर्धे झाड कापून टाकले तर त्याचा तोल जातो आणि पहिल्या वादळात तेच झाड तारांवर पडते. उघड्या तारा बदलून एबी केबल घेतली तर छाटणीची गरज पुष्कळ कमी होते.

खांबावर फलक, झेंडे आणि शुभेच्छांचे बॅनर लावता येतात का?

परवानगीशिवाय लावता येत नाहीत. मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधाचा १९९५ चा राज्य कायदा त्यासाठीच आहे, आणि बेकायदा फलकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये सविस्तर आदेश दिले आहेत. विजेच्या खांबाला तर परवानगी मागूच नये. ओल्या कापडाचा बॅनर आणि लोखंडी तार यांच्यामुळे खांबात वीज उतरू शकते.

फेरीवाले खांबावरून वीज घेतात. त्यावर कायदेशीर मार्ग आहे का?

आहे. पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार नगर पथविक्रेता समितीच्या शिफारशीवरून पालिकेने विक्री क्षेत्रे ठरवायची असतात. क्षेत्र ठरले की पालिकेला तेथे मीटरसह वीज देता येते. आकडा टाकून घेतलेली वीज चोरी तर आहेच, पण तिचा पहिला धोका त्या विक्रेत्यालाच असतो, म्हणून केवळ कारवाई करून विषय सोडून देऊ नये.

गोव्यात हेच नियम लागू होतात का?

विद्युत अधिनियम आणि सुरक्षा विनियम केंद्राचे असल्याने ते तेथेही लागू आहेत. फरक इतकाच की गोव्यात वितरण कंपनीकडे नसून थेट शासनाच्या वीज खात्याकडे आहे, त्यामुळे अर्ज आणि पाठपुरावा खात्याच्या विभागीय कार्यालयात करावा लागतो. पालिका आणि नगरनियोजनाचे कायदे मात्र त्या राज्याचे स्वतंत्र आहेत.

धोकादायक खांबाची तक्रार कोठे करायची आणि दाद मिळाली नाही तर पुढे काय?

तातडीचा धोका असेल, म्हणजे खांबाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तार तुटून पडली असेल किंवा पेटी उघडी असेल, तर १९१२ या क्रमांकावर लगेच कळवावे, तक्रार क्रमांक लिहून ठेवावा आणि महावितरणचा कर्मचारी येईपर्यंत त्या जागेभोवती कोणाला फिरकू देऊ नये. त्याच दिवशी शाखा अभियंत्याला लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. सुरक्षेच्या नियमांचा भंग होत असेल तर शासनाच्या विद्युत निरीक्षकाकडे स्वतंत्र तक्रार करता येते; हे कार्यालय वीज कंपनीच्या अखत्यारीत नाही, ही बाब महत्त्वाची आहे. अपघातात जीव गेला तर कंपनीने निरीक्षकाला २४ तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे, आणि ते कळवले की नाही हे माहिती अधिकारात विचारता येते.

वीजग्राहक म्हणून असलेल्या तक्रारीसाठी ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर मुंबई किंवा नागपूर येथील विद्युत लोकपाल हा मार्ग आहे. पदपथ अडल्याची तक्रार मात्र मुख्याधिकारी किंवा आयुक्त यांच्याकडेच करावी, कारण ती रस्त्याची बाब आहे. एकाच अर्जाची प्रत दोन्ही कार्यालयांना पाठवावी आणि अर्जात संयुक्त पाहणीची तारीख मागावी. पाहणीच्या वेळी व्यापारी संघाचा एक प्रतिनिधी, शक्य असल्यास चाकाची खुर्ची किंवा पांढरी काठी वापरणारी एक व्यक्ती आणि एक मोजपट्टी सोबत असावी. खांबाच्या दोन्ही बाजूंची मोकळी रुंदी सेंटीमीटरमध्ये मोजून पाहणी अहवालात लिहून घ्यावी आणि त्यावर दोन्ही कार्यालयांच्या सह्या घ्याव्यात.